पुनर्वसूचा ग्रह आणि आपले ग्रह

यंदाच्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने गच्चीवर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवला होता. मी कलाशाखेची, त्यातून मराठी विशेष घेतलेली. दुर्बिणीशी माझा संबंध तो काय? पण कार्यक्रम फुकट होता आणि घरच्यांना बरोबर आणण्याची मुभा होती, म्हणून मी ताईला घेऊन गेले. सरांनी आधी मृग दाखवला, मग रोहिणी, कृत्तिका, आणि मग पूर्वेकडे वर चढत असलेल्या दोन ताऱ्यांकडे बोट करून ते म्हणाले, "हे पुनर्वसू."

माझ्या शेजारी उभी असलेली ताई पटकन म्हणाली, "हा? हा पुनर्वसू?" तिच्या आवाजात काय होते ते इतर कोणाच्या लक्षात आले नाही. मला आले. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

सर सांगत होते, "या दोहोंतला जो जरा जास्त तेजस्वी आणि नारिंगी झाक असलेला तारा आहे, तो पोलक्स. दुसरा, पांढरा, तो कॅस्टर. पोलक्सभोवती गुरूपेक्षाही मोठ्या वस्तुमानाचा एक ग्रह फिरत असावा."

मागून एकाने विचारले, "सर, दुर्बिणीतून दिसेल?"

"नाही."

"मग फोटो तरी?"

"फोटोही नाही."

"मग आहे कशावरून?"

सरांनी कशावरून ते सांगितले आणि शेवटी म्हणाले, "बहुतेक आहे. पण अलीकडे काही खगोलज्ञांना शंका वाटू लागली आहे."

गच्चीवर हशा पिकला. जिना उतरताना कोणीतरी म्हणाले, "एवढी शास्त्रं शिकून शेवटी 'बहुतेक'च ना! त्यापेक्षा आमचे गुरुजी बरे. छातीठोक सांगतात." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. 'बहुतेक' म्हणणारा लहान आणि 'छातीठोक' सांगणारा मोठा, हा आपला हिशेब बरोबर आहे काय? मला वाटते, तो साफ चुकीचा आहे. आणि हे पटवून देण्यासाठी पुनर्वसूच्या या ग्रहाइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही.

पुनर्वसू आपल्याला परका नाही. सत्तावीस नक्षत्रांतले हे सातवे. प्रभू रामचंद्रांचे जन्मनक्षत्र हेच. नाव दोन ताऱ्यांचे, म्हणून संस्कृतात ते द्विवचनी चालते आणि त्याच्या वचनाची दखल पाणिनीलाही घ्यावी लागली. मिथिलेत आलेल्या राम-लक्ष्मणांना कालिदासाने 'रघुवंशा'त स्वर्गातून भूमीवर उतरलेल्या याच जोडीची उपमा दिली. आपला शेतकरी तर पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा पाऊस' म्हणतो आणि त्यामागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला 'म्हातारा'. गंमत अशी की, जुलैत हा तरणा पाऊस कोसळत असतो तेव्हा पुनर्वसूचे तारे दिसूच शकत नाहीत. कारण तेव्हा सूर्य त्यांच्याच अंगणात आलेला असतो. ते पाहायचे तर हिवाळ्यात, नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडावर. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री ते आपल्या जवळजवळ डोक्यावर असतात.

जोडी म्हटली तरी ते दोघे शेजारी नाहीत. पोलक्स आपल्यापासून सुमारे ३४ प्रकाशवर्षे दूर आहे, तर कॅस्टर ५१ च्या आसपास. आपण आज पोलक्सचा जो प्रकाश पाहतो तो माझ्या ताईचा जन्म होण्याआधीच तिथून निघालेला आहे. पोलक्स हा सूर्याच्या सुमारे नऊपट रुंदीचा, म्हातारपणाकडे झुकून फुगलेला तारा. अशा राक्षसी ताऱ्यांमध्ये आपल्याला सर्वांत जवळचा हाच.

आता ग्रहाची गोष्ट. न दिसणारा ग्रह ओळखायचा कसा? आपल्याकडची फुगडी डोळ्यांपुढे आणा. एक बाई भक्कम आणि दुसरी चिमुरडी पोर. पोर गरगर मोठ्या वर्तुळात फिरते. पण भक्कम बाईही अगदी जागच्या जागी राहत नाही, तीही थोडी थोडी मागेपुढे होतेच. समजा, पोर अंधारात आहे आणि फक्त बाई दिसते आहे. तिचे ते मागेपुढे होणे पाहून आपण म्हणू, हिच्या हातात कोणाचा तरी हात आहे. ताऱ्याचेही तसेच. ग्रहामुळे तारा कधी किंचित आपल्याकडे येतो, कधी किंचित दूर जातो, आणि त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा तितक्याच किंचित सरकतात. पोलक्सच्या बाबतीत हा वेग सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस मीटर, म्हणजे धावत्या जलद गाडीइतका. प्रकाशाच्या वेगाशी तुलना केली तर सत्तर लाखांत एक भाग! एवढी सूक्ष्म हालचाल मोजायची, तीही चौतीस प्रकाशवर्षांवरून.

याच मार्गाने १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला आणि २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आज माहीत असलेल्या परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे.

पण पोलक्सचा माग त्याच्याही आधीपासून चालू होता. १९९३ साली आर्टी हॅट्झेस आणि विल्यम कॉक्रन या दोघांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले: तीन तेजस्वी राक्षसी ताऱ्यांचा वेग काही शे दिवसांच्या तालात कमीजास्त होतो. ते तीन तारे म्हणजे आपली स्वाती, आपली रोहिणी आणि हा पुनर्वसूचा पोलक्स. कारण काय असावे? ग्रह असेल, पण तारा स्वतःच फुगत-आकसत असेल, किंवा त्याच्या अंगावरचे डाग त्याच्या स्वतःभोवती फिरण्याबरोबर पुढे-मागे येत असतील. 'ग्रह सापडला' अशी द्वाही फिरवण्याचा मोह कोणाला झाला नसता? पण घाई झाली नाही. निरीक्षणे चालूच राहिली. २००६ साली, पंचवीस वर्षांच्या काळात वेगवेगळ्या वेधशाळांतून जमलेल्या नोंदी एकत्र मांडून हॅट्झेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रह असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी साबीन रेफर्ट यांच्या गटानेही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. ग्रहाचे वर्ष सुमारे ५९० दिवसांचे. वस्तुमान गुरूच्या निदान दुपटीहून अधिक. मंगळ सूर्यापासून जितका दूर आहे त्याहून थोड्या जास्त अंतरावर त्याची जवळपास वर्तुळाकार कक्षा. त्या ग्रहावरून पाहिले तर पोलक्स आपल्या सूर्याच्या पाच-सहापट रुंद दिसेल. अर्थात पाहणार कोण? गुरूसारख्या ग्रहाला पाय टेकायला जमीन नसते.

२०१५ साली त्याचे बारसेही झाले. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने जगभरच्या लोकांची मते घेऊन नाव ठेवले 'थेस्टिआस', म्हणजे थेस्टिअसची लेक. ग्रीक कथेतल्या कॅस्टर-पोलक्स या जुळ्यांची आई लीडा ही ती लेक. आता सगळे सुरळीत झाले असे वाटावे, तोच २०२१ साली नवी गोष्ट पुढे आली. पोलक्सला अतिशय क्षीण असे चुंबकीय क्षेत्र आहे, हे आधीच कळले होते. त्याची काही वर्षे मोजमापे घेणाऱ्या खगोलज्ञांना आढळले की, तेही सुमारे ६६० दिवसांच्या तालात बदलते. ५९० आणि ६६०. हे आकडे अस्वस्थ वाटावे इतके जवळचे आहेत. ज्याला आपण ग्रहाचे वर्ष समजलो, तो ताऱ्याच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्याचा खेळ तर नसेल? 'ग्रह नाही' असे त्यांनी म्हटले नाही. पुन्हा तपासले पाहिजे, एवढेच म्हटले. बारसे झालेल्या मुलाच्या अस्तित्वाचीच चौकशी करावी, तसे हे झाले.

ही शंका हवेतली नाही. माझे स्वतःचे जन्मनक्षत्र रोहिणी. रोहिणीभोवती गुरूच्या सहापटीहून जड ग्रह आहे, असे २०१५ साली जाहीर झाले. २०१९ साली दुसऱ्या गटाने अधिक निरीक्षणांच्या आधारे दाखवले की, त्या ग्रहाचा पुरावा टिकत नाही. तेव्हा माझ्या रोहिणीचा ग्रह बहुतेक गेलाच म्हणायचा! आणि २०१८ साली तर पोलक्सच्या ग्रहासाठी पंचवीस वर्षांच्या नोंदी जुळवणाऱ्या त्याच हॅट्झेस यांनी कालेय तारकासमूहातल्या इटॅमिन या ताऱ्याविषयी लिहिले: २००३ ते २०११ ग्रह असल्याची अगदी स्वच्छ खूण दिसत होती, पुढची दोन-तीन वर्षे ती नाहीशी झाली, नंतर परतली, पण ताल चुकवून. खरा ग्रह असा दांडी मारत नाही. म्हणजे ग्रहाचे सोंग ताऱ्यानेच आणले होते. पाहा, आठ वर्षांनी 'आता पुरे' म्हणून कोणी निरीक्षण थांबवले असते, तर आज पुस्तकात आणखी एक खोटा ग्रह असता.

चुकण्याची ही परंपरा आपल्या देशालाही शिवून गेली आहे. १८५५ साली मद्रासच्या वेधशाळेतून कॅप्टन जेकब यांनी भुजंगधारी तारकासमूहातल्या एका जोडताऱ्याच्या हालचालीवरून तिथे ग्रह असावा असे सुचवले होते. तो टिकला नाही. पण या सगळ्या कथांत मला सर्वांत भावली ती अँड्र्यू लाईन या ब्रिटिश खगोलज्ञाची. १९९१ साली त्यांच्या गटाने एका स्पंदक ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे प्रसिद्ध केले. जगभर नाव झाले. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे खगोलज्ञांच्या सभेत त्यांचे व्याख्यान ठरले. तत्पूर्वी आकडेमोड पुन्हा तपासताना त्यांच्या लक्षात आले की, पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे, ही गोष्ट हिशेबात नीट धरलेली नाही. ज्याला दूरचा ग्रह समजलो, तो आपल्याच पृथ्वीचा फेरा होता! लाईन व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितले की, तो ग्रह नाही, चूक माझी झाली. सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. याच सभेत अलेक्झांडर वोल्झ्टन यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवतीचे ग्रह मांडले, आणि ते मात्र खरे ठरले.

मित्रहो, मला विचारायचे आहे ते एवढेच. 'मी चुकलो' म्हणणाऱ्याला टाळ्या मिळाव्यात, अशी सभा आपल्याकडे कुठे भरते? घरात? वर्गात? सभांच्या मांडवात?

आता ताईची हकिकत. ताईचे जन्मनक्षत्र पुनर्वसू हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी तिला एक स्थळ आले. मुलगा शिकलेला, सालस. दोघे एकदा भेटले, बोलले, एकमेकांना आवडले. मग पत्रिका गेल्या. मुलाचे नक्षत्र हस्त. पुनर्वसू आणि हस्त, दोन्ही आद्य नाडीची. एकनाड! छत्तीस गुणांतले नाडीचे आठ गुण गेले आणि त्यांच्यामागे बाकीचे सारे गेले. मुलाकडच्या मंडळींनी पत्रिका साभार परत केली. आमच्या बाबांनीही मान डोलावली. दोन्ही घरांतल्या एकाही माणसाने 'हे कशावरून?' असा प्रश्न विचारला नाही. जो प्रश्न गच्चीवर त्या मुलाने सरांना तीनदा खोदून विचारला, तो इथे कोणाच्या ओठावर आला नाही.

आणि ज्या ताऱ्याच्या नावावर हा निकाल लागला, तो तारा आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. बाबांनी नाही, आईने नाही, ताईने स्वतःही नाही. गच्चीवर ती "हा पुनर्वसू?" म्हणाली ते यामुळे. घरी परतताना रस्त्यात ती मला म्हणाली, "मला वाटायचं, पुनर्वसू म्हणजे कागदावरचा एक रकाना."

कोणी म्हणेल, ज्योतिष हेही शास्त्रच आहे. असेल तर त्याने परीक्षेला बसावे. तशी परीक्षा आपल्याकडे झालेली आहे. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका गोळा केल्या. सत्तावीस ज्योतिषी पुढे आले. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या: यांतल्या हुशार मुलांच्या कोणत्या, एवढेच ओळखा. एकूण उत्तरांपैकी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी साधारण तितकेच झाले असते! यानंतर पत्रिका जुळवणारे कोणी पुढे येऊन 'आमचे चुकते आहे' असे म्हणाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

दुसरे कोणी म्हणेल, शास्त्रज्ञ आज हो म्हणतात, उद्या नाही म्हणतात. मग विश्वास ठेवायचा कोणावर? याचे माझे उत्तर असे की, जो आपले म्हणणे कशामुळे खोटे ठरेल हे आधीच सांगतो, त्याच्यावर. पोलक्सचा ग्रह खरा असेल तर ५९० दिवसांचा ताल चुकणार नाही. वीस वर्षांनीही चुकणार नाही. चुकला तर ग्रह रद्द. या बोलीत पळवाट नाही. पत्रिकेच्या बोलीत पळवाटांशिवाय दुसरे काय आहे? लग्न टिकले तर गुण जुळले होते, मोडले तर घटका चुकली होती!

मात्र आपल्या पूर्वजांची टिंगल करण्यासाठी मी हे लिहीत नाही. उलट, ते आपल्याहून जास्त पाहत होते. ताऱ्यांच्या वाटेवर सत्तावीस मुक्काम नेमणे, सूर्य कोणत्या नक्षत्री आला की कसा पाऊस पडतो हे लक्षात ठेवणे, ही रात्रंदिवस आभाळाकडे पाहणाऱ्या माणसांची कामे आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहून त्या साऱ्या खटाटोपाचा इतिहास आपल्यापुढे ठेवला. बिघडले ते पुढे. आपण पाहणे सोडले आणि नावे तेवढी जपली. तारा गेला, रकाना उरला.

मराठीत 'ग्रह' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक आभाळातला, दुसरा मनातला. 'माझा असा ग्रह झाला' असे आपण म्हणतो. आभाळातला ग्रह शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा तपासतात. मनातला ग्रह मात्र आपण एकदा करून घेतला की जन्मभर सोडत नाही. लाईन यांना कळले की, दूर दिसणारा ग्रह म्हणजे आपल्याच पायाखालच्या पृथ्वीचा फेरा. आपल्याला हे कधी कळणार, की दुसऱ्यात दिसणारे किती तरी दोष हे आपल्याच मनाचे फेरे असतात?

हे केवळ पत्रिकेपुरते नाही. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी तरी काय करतो? अमुक कवी निराशावादी, तमुक लेखक पलायनवादी, अशी वाक्ये गाईडमधून पाठ करून छातीठोक लिहितो. मूळ कविता किती जणांनी उघडलेली असते? अमुक गावचे लोक असे, तमुक जातीचे तसे, विज्ञानशाखेची मुले शिष्ट, कलाशाखेची रिकामटेकडी. या आमच्याही पत्रिकाच नव्हेत काय? न पाहता जुळवलेल्या आणि न पाहता मोडलेल्या! मी स्वतः प्रथम वर्षात असताना एका मोठ्या कवीविषयी पानभर टीका लिहून चांगले गुण मिळवले होते. त्याचा संग्रह मी पुढल्या वर्षी वाचला, आणि माझे ते पान आठवून मान खाली गेली. ते पान मागे घेण्यासाठी मला कुठली सभा मिळाली नाही. म्हणून ते इथे मागे घेते.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, 'बहुतेक' या शब्दाला हसू नका. पंचवीस वर्षे पाहून मग उच्चारलेला 'बहुतेक' हा, एकदाही न पाहता ठोकून दिलेल्या 'नक्की'पेक्षा कितीतरी वजनदार असतो. आणि हे मासिक तुमच्या हाती पडेल त्या रात्री गच्चीवर जा. डोक्यावर दोन तारे दिसतील. त्यांतल्या नारिंगी ताऱ्याकडे पाहा. तिथे एक प्रचंड ग्रह असेलही, नसेलही. शोधणारे अजून शोधत आहेत.

आकाशदर्शनानंतर आठवडाभराने ताईने बाबांना सांगितले, "यापुढे माझी पत्रिका कोणाकडे पाठवू नका. माणूस आधी बघू." बाबा अजून गप्प आहेत. 'हो' म्हणाले नाहीत, पण 'नाही'ही म्हणालेले नाहीत. परवा रात्री मात्र जेवण झाल्यावर ते अंगणात गेले आणि ताईला विचारू लागले, "कुठं गं तो तुझा पुनर्वसू?"

बहुतेक ऐकतील.